कधीमधी कच्च्या वाटेवर जाणाऱ्याला डिफ लॉक लागतोच का? (नागपूर-काटोल पट्टा)

संत्रेवाला

नमस्कार मंडळी. जुनी सेडान काढून फोर बाय फोर घ्यायचं ठरलं आहे, घोडं एका मुद्द्यावर अडलं आहे.

घर त्रिमूर्तीनगरला, नोकरी मिहानमध्ये, आणि काटोलच्या पुढे वडिलोपार्जित संत्र्याची बाग. म्हणजे आठवडाभर डांबर, सुट्टीला बाग. डांबरी रस्ता सुटला की बागेपर्यंत पांदण आहे, सगळी काळी माती. उन्हाळ्यात तिथून मोटारसायकलसुद्धा जाते. मृग बरसला की ट्रॅक्टर आणि बैलगाडी सोडून कोणी नाही. हिवाळ्यात मित्रांसोबत खिंडसी, तामिया-पातालकोट अशी भटकंती होते. दगडं चढायचा किंवा शर्यतीचा शौक नाही.

सेकंडहँडमध्ये दोन थार पाहिल्या, दोन्ही २०२० नंतरच्या नव्या मॉडेलच्या, डिझेल, फोर बाय फोर. एकीत मागच्या ॲक्सलला मेकॅनिकल डिफ लॉक आहे, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारं डिफरन्शियल बांधून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा. दुसरीत नाही, पण ती कमी चाललेली आणि बरीच स्वस्त. घरून जिम्नीचाही आग्रह आहे. विकणारा म्हणतो, "लॉक नसेल तर फोर बाय फोर घेऊन फायदा काय?" त्याला गाडी विकायची आहे, म्हणून इथे विचारतो.

पांदणवाला

भाऊ, आधी हे सांगा का पांदणीत गाडी फसते कशी? चाक घसरून फसते का पोट टेकून फसते? आमच्याकडे (नरखेड साइड) निम्म्या गाड्या पोटावर बसतात. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल, मधात मातीचा उंचवटा. त्याच्यावर मागचा डिफरन्शियलचा गोळा टेकला का चारही चाकं लॉक करा नाहीतर आठ करा, गाडी हलत नाही. फावडं काढाच लागते.

गिअरबॉक्स

पांदणवाल्यांचा प्रश्न कळीचा आहे, त्यावर नंतर येतो. आधी विकणाऱ्याच्या वाक्याबद्दल.

साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून ते बनवलेलं असतं आणि ते काम चोख करतं. पण "सारखाच" हीच त्याची अडचण. समजा चिखलातलं डावं चाक ५० न्यूटन-मीटरलाच घसरायला लागलं, तर कोरड्या जमिनीवरच्या उजव्या चाकालाही जेमतेम ५० च मिळतात. इंजिन कितीही दांडगं असो. डावं चाक हवेत असेल तर दोघांनाही जवळपास शून्य.

फोर बाय फोर टाकल्यावर ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधते. त्यामुळे मागचं एक चाक गरगरलं तरी पुढचा ॲक्सल ओढत राहतो. गाडी थांबते ती पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं एकाच वेळी सुटली तर, आणि बहुतेक वेळा ती तिरकी समोरासमोरची असतात. खड्डा-उंचवटा आलटून पालटून आला की हे होतं. लॉक खरा कामी येतो तो इथेच. तेव्हा "लॉक नाही तर फोर बाय फोर फुकट" हे चूक. बहुतेक कच्च्या वाटांवर फोर बाय फोर आणि लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारे गिअर) एवढ्यावर भागतं.

आता प्रकार. सध्याच्या गाड्यांत ब्रेक वापरून केलेला नकली लॉक असतो: जिम्नीत ब्रेक एलएसडी, थारमध्ये ब्रेक लॉकिंग. घसरणारं चाक संगणक ब्रेकने धरतो, धरलेल्या चाकावर टॉर्क वाढतो, तेवढाच त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या चाकालाही मिळतो. थारच्या काही डिझेल व्हेरियंटमध्ये मागे खरा मेकॅनिकल लॉक येतो, तो आपोआप लागतो. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की आतली यंत्रणा दोन्ही अर्ध्या शाफ्टना जोडते, आणि वेग ताशी ३० किमीच्या वर असेल तर लागतच नाही. बटण नाही, लिव्हर नाही. फोर्स गुरखाचं वेगळं: पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक, आणि ते चालकाने स्वतः लावायचे.

पांदणवाला

राजेहो, हे सगळं ट्रॅक्टरमध्ये आमच्या आज्याच्या काळापासून आहे. टाचेजवळ डिफ लॉकचा पेडल, आणि ब्रेकचे पेडल दोन, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. रोडवर खिटी लावून दोन्ही जोडायचे, वावरात खिटी काढायची. एक चाक घसरून राहिलं तर फक्त त्याचा ब्रेक थोडा दाबायचा, दुसरं चाक ओढते. थारमधला कॉम्प्युटर हेच करून राहिला. आणि डिफ लॉक दाबून हँडल वळवाल तर ट्रॅक्टर सरळच जाते, वळत नाही. हे ज्याले माहीत नाही तो बांध फोडते.

रानवाटा

जिम्नीवाली इकडे. मी बेसा भागात राहते, माहेर उमरेडकडे. गिअरबॉक्स यांनी तत्त्व बरोबर सांगितलं, चालवताना काय जाणवतं ते मी सांगते.

ब्रेक एलएसडी आधी चाक घसरू देते, मग पकडते. त्या क्षणी नवीन माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो. सोडला की संपलं. पाय स्थिर ठेवायचा, किर्र-किर्र आवाज येतो, गाडी क्षणभर विचार केल्यासारखी थांबते आणि पुढे सरकते. फोर-एलमध्ये (फोर बाय फोर, लो रेंज) टाकलं की हे जास्त नीट चालतं, कारण इंजिनची ताकद कापणारी यंत्रणा तेव्हा बाजूला होते. तोटा असा की लांबलचक चिखलात ब्रेक तापतात, आणि आधी थोडं घसरायला लागतं म्हणून प्रत्येक वेळी चाक जरा खोल जातं. मेकॅनिकल लॉकमध्ये हा अडखळा कमी.

पण उमरेड-भिवापूरकडच्या वाटांवर मला लॉकची उणीव भासली नाही. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे, एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं, त्यामुळे चाक हवेत जातच नाही सहसा. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, तिचं पुढचं चाक लवकर उचललं जातं.

भटक्या_नागपुरी

एवढी चर्चा कशाला? ताडोबा, पेंचच्या जिप्स्या बघा. वर्षानुवर्षं साध्या डिफरन्शियलवर चालतात. कोणाला लॉक लागला?

गिअरबॉक्स

जिप्सी हलकी आणि कणखर होती यात वाद नाही, पण हा दाखला इथे लागू नाही. सफारीच्या वाटा वनखातं राखतं, आणि ताडोबाचा कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंदच असतो. ज्या महिन्यांत संत्रेवाल्यांची पांदण चिखल होते, त्या महिन्यांत त्या जिप्स्या तिथे नसतात.

कातळ

मी विरुद्ध बाजूने बोलतो, कारण इथे सगळे काळ्या मातीतले दिसतात.

आमचं शेत पारशिवनीच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिकडे माती कमी, धोंडे जास्त. शेताआधी नाला उतरून चढावा लागतो, काठ दोन्हीकडे कापलेले. नाल्यातून वर येताना एका बाजूचं पुढचं चाक आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक एकाच वेळी मोकळं होतं, पावसाळा असो की उन्हाळा. साध्या डिफरन्शियलच्या गाडीने तिथे वेग घेऊन चढावं लागतं. वेग घेतला की चाक आपटतं, टायरची बाजू फाटते, बॉल जॉइंट जातो, कधी ऑइल पॅनवर बसतं. लॉक लावून तोच काठ चालत्या माणसाच्या वेगाने चढता येतो, गाडी आपटत नाही. म्हणून मी लॉकला चैन म्हणत नाही, गाडीचा खर्च वाचवणारी वस्तू म्हणतो.

"कधीमधी" हा शब्दही फसवा आहे. वर्षातून एकदाच गेलात पण वाटेत असा नाला असेल तर त्या एकदाच लॉक लागणार. किती वेळा जाता याला महत्त्व नाही, वाट कशी आहे ते सांगा.

रानवाटा

@कातळ, हे पटलं. नागपूर या बाबतीत गमतीशीर जागा आहे. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची, तिथून पश्चिमेला काटोल-कळमेश्वरकडे काळा दगड आणि काळी माती, पूर्वेला आणि उत्तरेला रामटेक-पारशिवनीकडे जुना वेगळाच खडक, वाळूसर माती. एकाच शहरातल्या दोन माणसांनी एकमेकांना गाडीबद्दल दिलेला सल्ला उलटा पडू शकतो.

चाकं_आणि_चिखल

काळ्या मातीबद्दल लिहायला आलो. टायरचा धंदा आहे, गाडी विकायची नाही.

काटोल पट्ट्यातली माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत टायरच्या सगळ्या खाचा भरतात, मग तुमच्याकडे चार गुळगुळीत चाकं उरतात. लॉक असलेल्या गाडीची दोन गुळगुळीत चाकं एकत्र फिरतात, एवढाच फरक. दोन्ही बाजूला सारखीच घसरण असेल तर लॉक काहीच देत नाही. एका बाजूला पकड आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशा वेळीच तो देतो. सपाट चिखलात खाचा मोकळ्या होत राहतील असा टायर हवा.

रोज मिहानला जाणाऱ्याने मड टेरेन घेऊ नये. आवाज, पावसात डांबरावर लांबणारं ब्रेकिंग, डिझेलचा खर्च. चांगला ऑल टेरेन पुरे. आणि हवा कमी करायला शिका. रस्त्यावर ३२ च्या आसपास असेल तर चिखल-वाळूत १८ ते २० पीएसआयवर आणलं की टायर लांबट बसतो, जमिनीवर टेकणारा भाग वाढतो. १५ च्या खाली गेलात आणि जोरात वळलात तर टायर रिमवरून उतरू शकतो. दगडांत (कातळ यांच्या नाल्यात) एवढी हवा काढू नका, बाजू फुगते आणि कापली जाते. डांबर लागलं की लगेच भरा, त्यासाठी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर डिकीत ठेवा. ही सगळी सामग्री त्या दोन थारमधल्या किमतीच्या फरकात बसून वर पैसे उरतील.

संत्रेवाला

@पांदणवाला, आज सकाळी बागेत होतो, मुद्दाम बघून आलो. तुम्ही म्हणता तसंच आहे. अर्ध्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, मधला उंचवटा गुडघ्याच्या खाली येतो. शिवाय विहिरीजवळ एका बाजूला उतार आहे, डावीकडे नाली. तिथे बैलगाडीसुद्धा तिरकी होते.

उतारावरचा

विहिरीजवळच्या त्या आडव्या उताराबद्दल लिहायलाच हवं, कारण लॉकची जाहिरात करणारे हे सांगत नाहीत.

आडव्या उतारावर ओल्या मातीत साध्या डिफरन्शियलचं एकच चाक फिरतं. दुसरं न घसरता उभं राहतं आणि गाडीला बाजूने धरून ठेवतं. मागे लॉक लागला की दोन्ही चाकं एकदम घसरतात, धरून ठेवणारं कोणी राहत नाही, आणि गाडीचा मागचा भाग सरळ खालच्या बाजूला, म्हणजे तुमच्या बाबतीत नालीत, सरकतो. हाताने लावायचा लॉक असेल तर तिथे लावायचाच नाही हा पर्याय असतो. आपोआप लागणाऱ्यात तो नाही. तिथे पाय हलका ठेवून चाक घसरू न देणं एवढंच हातात. संथ, लो रेंजमध्ये दुसरा गिअर, मध्येच गॅस न देता.

पुढच्या ॲक्सलच्या लॉकबद्दल तर आणखी जपून. स्टिअरिंग जड होतं, वळवलेल्या चाकावर जोर आला की सीव्ही जॉइंट तुटतो.

जुगाडू

जुन्या जीपमध्ये आम्ही डिफरन्शियलचे स्पायडर गिअर (आतले छोटे गिअर) वेल्डिंग करून टाकायचो. फुकटात लॉक. वाडीला कोणताही ट्रकचा मेकॅनिक करून देईल.

गिअरबॉक्स

फक्त शेतातच चालणाऱ्या, पासिंग नसलेल्या भंगार जीपला ठीक. रोज मिहानला जाणाऱ्या गाडीत हे करणं म्हणजे प्रत्येक वळणावर एक टायर घासत नेणं. ओल्या रस्त्यावर गाडी वळायचं सोडून सरळ जाईल, आणि एक दिवस हाफ शाफ्ट तुटेल. त्यापेक्षा हँडब्रेकची युक्ती बघा: मागचं एक चाक गरगरत असेल तर हँडब्रेकचे दोन-तीन खटके ओढून गॅस द्या. ट्रॅक्टरच्या वेगळ्या ब्रेकचंच हे गरीब रूप, फक्त इथे दोन्ही चाकं थोडी धरली जातात. तेवढ्यानेही कधीकधी सुटका होते.

बाहेरून लॉक बसवून घ्यायचा विचार कोणी करत असेल तर: एअर लॉकर (हवेच्या दाबाने लागणारा लॉक) बसवताना डिफरन्शियल पूर्ण उघडावं लागतं, क्राउन-पिनियनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजून शिमने (पातळ चकत्यांनी) बसवावा लागतो, दातांचा ठसा तपासावा लागतो. अंदाजाने बसवलं तर काही महिन्यांत हाउसिंगमधून घरघर सुरू.

कलम_५२

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. कंपनीतून आलेल्या लॉकला हा प्रश्नच नाही. नंतर काही बसवणार असाल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा. विंचसाठी (गाडी ओढून काढायच्या चरखीसाठी) पुढे लोखंडी बुल बार लावायचा विचार असेल तर त्यावर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली आहे.

आणि "भटकंती" म्हणजे जंगलात गाडी घालणं नव्हे. अभयारण्यात वाट सोडणं सोडाच, परवानगीशिवाय शिरणंही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. पेंचच्या बफरमध्ये लोक "इथे कोण बघतं" म्हणून शिरतात.

पांदणवाला

संत्रेवाले भाऊ, चाकोरीतून जाऊच नका. एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरं चाकोरीच्या बाहेरच्या काठावर, अशी गाडी न्या. पोट टेकणार नाही. थारचं पोट जमिनीपासून २२६ मिमी सांगतात, पण मागचा गोळाच सगळ्यात खाली राहते, त्याले धरून चाला. विहिरीपाशी मात्र बांधावरून जागा असेल तर दगड-मुरूम टाकून घ्या एकदाचा. दोन ट्रॉल्या मुरूम लॉकपेक्षा स्वस्त पडते. आणि फसलीच तर ट्रॅक्टर आहेच, पोळ्याच्या दिवशी सोडून.

रानवाटा

ट्रॅक्टरने ओढताना कशाने ओढता यावर एक शब्द, कारण गावात लोखंडी साखळी लावतात आणि सगळे बघायला भोवती उभे राहतात. साखळी तुटली किंवा हूक उपटला तर तो गोळीसारखा येतो. टो बॉलला (मागे ट्रेलर जोडायच्या बॉलला) कधीच दोर बांधू नका. गाडीच्या चेसिसवरचा रिकव्हरी पॉइंट, पाऊण इंची बो शॅकल (त्यावर ४.७५ टन असं कोरलेलं असतं), आणि चांगला पट्टा. ट्रॅक्टर हळू आणि सतत ओढतो, म्हणून त्याला न ताणणारा पट्टा चालतो. दुसऱ्या गाडीने झटका देऊन काढायचं असेल तर ताणला जाणारा कायनेटिक दोरच हवा. दोरावर मध्ये जाड गोधडी टाकायची, म्हणजे तुटला तर उडत नाही. आणि लहान पोरांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब पाठवा, कितीही कुरकुर केली तरी.

संत्रेवाला

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात उतरलं. माझी वाट कातळ यांच्यासारखी नाही, चिखल आणि चाकोऱ्यांची आहे. विहिरीपाशी तर आपोआप लागणारा लॉक नसलेलाच बरा, असं उतारावरचा यांच्या लिहिण्यावरून वाटतं. मुरूमाचं भावाशी बोललो, तो हिवाळ्यात ट्रॉल्या टाकायला तयार आहे. सध्या मन बिनलॉकच्या, कमी चाललेल्या थारकडे आहे, वर ऑल टेरेन टायर आणि कॉम्प्रेसर. जिम्नीची टेस्ट ड्राइव्ह घरच्यांच्या समाधानासाठी घेतो.

कातळ

निर्णय तुमच्या वाटेला धरून आहे, वाद नाही. फक्त पातालकोटकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटांवर मला आठवाल कधीतरी. आणि किमतीतला फरक घासाघीस करून थोडाच उरला, तर लॉकवाली पुन्हा एकदा बघा. तो नंतर बसवायचा म्हटलं तर काय काय उपसावं लागतं ते गिअरबॉक्स यांनी लिहिलंच आहे.

संत्रेवाला

तसं झालं तर त्या गाडीतला लॉक चालू आहे की नाही हे विकत घेण्याआधी कसं कळेल? बटणच नाही म्हणता.

गिअरबॉक्स

सैल मुरमाचा किंवा गिट्टीचा छोटा चढ शोधा, मागचं एक चाक सैल भागावर आणि दुसरं घट्ट भागावर येईल असं थांबा. गाडी टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं ओढतील. हळू गॅस द्या. सैल चाक थोडं फिरेल, मग मागून "खट्" असा स्पष्ट धक्का येईल आणि गाडी पुढे सरकेल. नुसतंच ब्रेक धरल्याचं किर्र-किर्र येत राहिलं आणि खट् नाही, तर शंका घ्या. डांबरावर ही चाचणी करू नका. जॅक लावून एक चाक उचलूनही करू नका, लॉक लागला की गाडी जॅकवरून उडी मारेल.

दुसरं, विकणाऱ्याला मागच्या डिफरन्शियलचं तेल काढू द्यायला सांगा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा असतोच, बोटाला टोचणारे तुकडे सापडले तर गाडी सोडा.

संत्रेवाला

रविवारी दोन्ही गाड्या वाडीला बघतो. तेल काढायचं म्हटल्यावर तो काय तोंड करतो तेही लिहीन.